खेळाचे नियम आणि कथेचे काव्यशास्त्र : भूमिकाखेळातील नियमव्यवस्थेच्या निवडीचा प्रश्न

१

वाङ्मयप्रकारांची चर्चा करताना आपण सामान्यतः सिद्ध झालेल्या संहितेपासून प्रारंभ करतो. कादंबरी लिहून झालेली असते, नाटक छापलेले किंवा निदान रंगभूमीवर आलेले असते. समीक्षक मागाहून येतो आणि त्या कृतीमागची संकेतव्यवस्था उलगडून दाखवतो. परंतु ज्या प्रकारात संहिता अगोदर नसतेच, आणि कथा जन्माला येण्यापूर्वी तिची संकेतव्यवस्था मात्र पुस्तकरूपाने निवडून घ्यावी लागते, अशा प्रकाराचा विचार कसा करावयाचा? टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ, म्हणजे इंग्रजीत ज्याला रोलप्लेइंग गेम म्हणतात तो, हा असा प्रकार आहे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांच्यापैकी एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र स्वीकारतात. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो. आपले पात्र काय करते, काय बोलते, हे खेळाडू सांगतात. आणि ज्या कृतीचा परिणाम संशयास्पद असेल तिचा निर्णय नियमांच्या, बहुधा फाशांच्या, साहाय्याने होतो. रंगमंच नसतो, वेगळा प्रेक्षकही नसतो. शेवटी बहुधा कोणी जिंकलेले वा हरलेले नसते. उरते ती घडून गेलेली एक कथा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला नाव-रूप मिळाले. त्यानंतरच्या पाच दशकांत असंख्य नियमव्यवस्था निर्माण झाल्या. साहजिकच खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येक गटापुढे पहिला प्रश्न येतो तो निवडीचा : कोणते नियम घ्यावयाचे?

हा प्रश्न बहुधा सोयीचा मानला जातो. नियम सोपे आहेत की किचकट, पुस्तक स्वस्त आहे की महाग, किती वेळ लागतो, एवढ्यावर त्याचा निकाल लावला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा मूलतः काव्यशास्त्राचा प्रश्न आहे. नियमव्यवस्था निवडणारा गट कोणत्या प्रकारची कथा संभवनीय आहे हे ठरवीत असतो, आणि ते ठरवण्याची जबाबदारी त्याला टाळता येत नाही.

२

फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळांची चार तत्त्वे सांगितली : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. ही तत्त्वे कधी एकेकटी, तर कधी जोडीने आढळतात. तथापि काही जोड्या स्वभावतःच अशक्य आहेत, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यांपैकी एक जोडी दैव आणि सोंग यांची होती. दैवापुढे माणूस निष्क्रिय होऊन कौलाची वाट पाहतो. सोंगात तो आपण दुसरे कोणी असल्याचे भासवतो. पण दैवाला भासवून फसवता येत नाही. याच विचाराला धरून, खेळ एकतर नियमबद्ध असतो किंवा कल्पनाजन्य असतो, एकाच वेळी दोन्ही नसतो, असाही निष्कर्ष त्याने काढला.

या प्रतिपादनानंतर सोळा वर्षांनी जो खेळ प्रसिद्ध झाला तो नेमका याच निषिद्ध जोडीवर उभा आहे. हातात फासा आणि ओठांवर पात्राचे बोलणे, असे त्याचे रूप आहे. येथे कायवाची चूक झाली असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. परंतु जे त्याला अशक्य वाटले ते शक्य कशामुळे झाले, हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरेल.

मुलांच्या चोर-पोलीस खेळात एक जण म्हणतो, ‘गोळी लागली’. दुसरा म्हणतो, ‘नाही लागली’. आणि खेळ तेथेच थांबतो. निव्वळ सोंगाची मर्यादा ही आहे की त्याला प्रतिकार करणारे जग नसते. आपण कल्पिलेले सारे आपल्याच इच्छेचे असते, आणि इच्छेने इच्छेला चकित करता येत नाही. भूमिकाखेळातील फासा हा प्रतिकार पुरवतो. कल्पित जगाला खेळाडूंच्या इच्छेपासून वेगळे असे अस्तित्व तो देतो. अ‍ॅरिस्टॉटलने कथानकाकडून जी संभवनीयता अपेक्षिली ती येथे अक्षरशः अंकात मोजलेली असते. म्हणून कोणत्याही नियमव्यवस्थेला विचारावयाचा प्रश्न हा की, हा प्रतिकार ती कोठे ठेवते? कोणत्या कृतीवर फासा पडतो आणि कोणती कृती नुसती बोलून पार पडते? त्या व्यवस्थेचे काव्यशास्त्र या जागी सापडते.

३

हे स्पष्ट होण्यासाठी एकच कथाबीज घेऊ. गावाबाहेर एक पडका वाडा आहे. थोरला भाऊ तेथे गेला तो परतला नाही. धाकटी बहीण त्याच्या शोधासाठी आत शिरते. आता हे बीज निरनिराळ्या नियमांच्या हाती देऊन पाहू.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा युद्धखेळातून निघाला. त्याच्यामागे १९७१ सालचा, मध्ययुगीन लढायांचा ‘चेनमेल’ हा खेळ उभा आहे. त्यामुळे पात्राची ओळख बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चापल्य आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव अशा सहा अंकांनी होते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत पात्राची उन्नती अनुभवगुणांवर अवलंबून असे, आणि हे गुण राक्षस मारल्याबद्दल मिळत त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात भुयारातून बाहेर आणलेल्या धनाबद्दल मिळत. सामान्यतः एका सुवर्णमुद्रेला एक गुण. या नियमांत बहीण वाड्यात शिरली तर ती हळूहळू समर्थ होत जाईल, आणि तिची कथा पराक्रमाची, वाढीची कथा होईल. मात्र भावासाठी या नियमांत शब्द नाही. तो सापडला किंवा न सापडला, तरी हिशेबाच्या वहीत काहीच बदलत नाही. त्याची आठवण खेळाडूंनी आपल्या पदरची ठेवावी लागते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. धनाला गुण असल्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळत, लपत-छपत जात, शत्रूला चकवत. कारण लढाईत धोका फार आणि लाभ थोडा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत धनाचे गुण ऐच्छिक झाले, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गुणांचा मुख्य आधार शत्रूंवर आणि संकटांवर केलेली मात हा झाला. एवढ्याशा बदलाने चोरवाटांची कथा रणांगणाच्या कथेकडे झुकली. राक्षस तेच राहिले, भुयारही तेच राहिले. नायकाची व्याख्या मात्र पालटली.

१९८१ साली सँडी पीटरसनने लव्हक्राफ्टच्या भयकथांवरून रचलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ हेच बीज उलट्या दिशेने वाढवतो. येथे पात्राजवळ मनःस्वास्थ्याचा अंक असतो आणि भीषणाच्या दर्शनाने तो घटत जातो. त्याहूनही महत्त्वाचा नियम असा : त्या अमानुष विश्वाविषयीचे ज्ञान हा पात्राच्या कौशल्यांपैकी एक अंक आहे, आणि मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा नव्याण्णवातून हा अंक वजा करून ठरते. ज्ञान जितके वाढेल तितकी शहाणे राहण्याची शक्यता कायमची कमी होईल. बहिणीने भावाची वही वाचली तर तिला तो कोठे आहे ते कळेल, आणि ते कळण्याचे मोल तिला स्वतःच्या मनाने चुकवावे लागेल. शोकात्मिकेतील अभिज्ञान आणि विपर्यास हे दोन क्षण येथे एका वजाबाकीत एकत्र आले आहेत. लव्हक्राफ्टच्या विश्वदृष्टीवर शेकडो पाने लिहूनही जे खेळाडूच्या अंगी उतरले नसते, ते ही वजाबाकी उतरवते.

२००५ सालच्या ‘ड्रेड’मध्ये तर अंकच नाहीत. टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा जेंगा नावाचा मनोरा असतो. पात्राने काही अवघड करावयाचे ठरवले की खेळाडूने एक ठोकळा ओढून वर ठेवावयाचा. मनोरा कोसळला की ते पात्र कथेतून गेले. कथा जसजशी पुढे सरकते तसतसा मनोरा पोकळ होत जातो. म्हणजे भयाचा आलेख आपोआपच चढता राहतो. आपल्या रसचर्चेत वेपथु आणि स्वेद हे सात्त्विक भाव नटाने अभिनीत करावयाचे असतात. येथे बहिणीचा हात थरथरतो त्याच वेळी खेळाडूचा हातही खरोखरच थरथरतो. भयानक रसाची निष्पत्ती होते की लौकिक भयच उरते, हा प्रश्न अभिनवगुप्ताच्या अनुयायाने अवश्य विचारावा. पण प्रश्न उपस्थित करण्याचे सामर्थ्य एका नियमात आहे, हे मान्य करावे लागते.

व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) मध्ये दोन फासे टाकतात. दहा किंवा अधिक आल्यास हेतू साधतो. सात ते नऊ आल्यास साधतो, पण काही तडजोड करून किंवा किंमत देऊन. सहा किंवा कमी आल्यास पुढची चाल सूत्रधाराची. छत्तीस शक्यतांपैकी सहा निर्भेळ यशाच्या, पंधरा सशर्त यशाच्या आणि पंधरा अपयशाच्या आहेत. पात्राच्या गुणांची बेरीज-वजाबाकी झाल्यावर हे प्रमाण बदलते, परंतु ‘होय, पण’ हे उत्तर कथेच्या केंद्रस्थानी राहते. सूत्रधार स्वतः कधीच फासे टाकत नाही. भाऊ सापडेल, पण त्याला बाहेर आणावयाचे तर मागे काय सोडावयाचे, हे बहिणीला ठरवावे लागेल.

शेवटी पॉल चेगे यांचा ‘माय लाइफ विथ मास्टर’ (२००३) पाहू. त्यात सारे खेळाडू एका क्रूर धन्याचे सेवक असतात. आपले बीज त्यात घालावयाचे तर नायक भाऊच होईल. वाड्याच्या धन्याने त्याला सेवक केले आहे. सेवकाची थकवा, आत्मतिरस्कार आणि प्रेम ही मापे नोंदलेली असतात. धन्याची आज्ञा मोडणाऱ्या सेवकाच्या ठायी प्रेमाचा अंक भय आणि थकवा यांच्या बेरजेपेक्षा मोठा झाला की कथेचा अंतिम भाग सुरू होतो. कथेचे समापन केव्हा आणि कशाने व्हावे, हा कथनमीमांसेतील कूट प्रश्न येथे एका असमानतेच्या चिन्हाने सोडवला आहे. त्यामागे एक नैतिक विधानही आहे : दास्यातून सुटका बळाने होत नाही, प्रेमाने होते, आणि तेही भय व थकवा यांना ओलांडल्यावर.

४

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सर्व कथांना चालेल अशी तटस्थ नियमव्यवस्था घेतल्यास निवडीचा प्रश्नच उरत नाही. १९८६ सालच्या ‘गर्प्स’चा दावा नावापासूनच सार्वत्रिकतेचा आहे. ठराविक गुणांच्या भांडवलातून पात्राच्या क्षमता विकत घ्याव्यात, उणिवा पत्करून थोडे भांडवल परत मिळवावे, तीन फासे टाकावेत आणि रोमन साम्राज्यापासून अंतराळापर्यंत कोठेही खेळावे. हा दावा बऱ्याच अंशी खराही आहे. ही व्यवस्था कोणतेही जग पेलते. परंतु प्रत्येक जगाला ती एकच प्रश्न विचारते : इतक्या क्षमतेच्या माणसाला हे काम जमेल काय? तो वास्तववादाचा प्रश्न आहे, आणि वास्तववाद हाही एक घाटच आहे. मर्ढेकरांपासून आपल्याकडे आशय आणि घाट यांची जी चर्चा झाली तिने निदान एवढे शिकवले आहे की, घाट म्हणजे आशय ओतण्याचे भांडे नव्हे.

रॉन एडवर्ड्स या अमेरिकी रचनाकाराने १९९० च्या दशकाच्या अखेरीस नियमव्यवस्थेला महत्त्व असतेच, असे आग्रहाने मांडले, आणि खेळाडूंच्या उद्दिष्टांचे तीन प्रकार कल्पिले : आव्हान, कथेतील नैतिक पेच आणि जगाची सुसंगत प्रतिकृती. त्याच्या मते एका व्यवस्थेने एकाच उद्दिष्टाशी निष्ठा ठेवावी. त्याच्या विवेचनाने नियमांकडे गांभीर्याने पाहण्याची सवय लावली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु वाङ्मयप्रकारांच्या शुद्धतेचा आग्रह साहित्यात जसा टिकला नाही तसा येथेही टिकणे कठीण आहे. एकाच संध्याकाळी तोच गट कोडे सोडवतो, पात्राच्या दुःखाने गहिवरतो आणि जुन्या किल्ल्याच्या तटाची उंचीही मोजत बसतो. पुढे खुद्द एडवर्ड्सनेही आपली मांडणी पुष्कळ बदलली.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. कुशल मंडळी कोणत्याही नियमांनी, किंबहुना नियमांवाचूनही, हवी ती कथा उभी करतात. मग नियमांचे एवढे माहात्म्य कशाला? या आक्षेपाचा विचार करताना मराठी वाचकाला दशावतार आठवल्यावाचून राहणार नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रात्रभर चालणाऱ्या या नाट्याला परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि नट रंगभूमीवरच संवाद रचतात. मग तेथे नियम नाहीत काय? आरंभी गणपती येणार, संकासुराचे सोंग येणार, पुढे आख्यान लागणार. राजाचा प्रवेश कसा, राक्षसाचा कसा, गायकाने केव्हा उचलावयाचे, हे सारे ठरलेले असते. हे नियम नटाने ऐकून, पाहून आणि अंगात भिनवून घेतलेले असतात, म्हणून ते नियम म्हणून दिसत नाहीत. तेव्हा ‘नियमांची गरज नाही’ या विधानाचा खरा अर्थ ‘नियम आम्हांला अगोदरच येतात’ असा असतो. ज्यांच्यापाशी अशी सामायिक परंपरा नाही अशा चार जणांना ती पुस्तकातून घ्यावी लागते. नियमपुस्तक हा परंपरेचा पर्याय आहे.

नियमांच्या मौनाचा अर्थही यावरून लागतो. ज्या गोष्टीविषयी नियम बोलत नाहीत ती कथेत येत नाही, असे नाही. बोलणे, रुसणे, मनधरणी या गोष्टी खेळाडूंना नियमांवाचून येतात. तेथे मौन उपकारकच ठरते. परंतु जे आपल्याला येत नाही, किंवा करावयाचे धाडस होत नाही, तेथे मौन म्हणजे उणीव होय. ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ (१९९१) ने स्वतःला कथाकथनाचा खेळ म्हटले आणि माणुसकी गमावण्याची भीती हा आपला विषय सांगितला, माणुसकीचे एक मापही दिले. तरीही पुस्तकातील अमानवी शक्तींच्या तपशीलवार नियमांमुळे तो पुष्कळांच्या हाती पराक्रमाचा खेळ झाला, अशी टीका झाली. लेखकाचा घोषित हेतू आणि कृतीची रचना यांत अंतर पडले की वाचक रचनेच्या मागे जातो, हे समीक्षेला नवे नाही.

५

येथवर निवडीचा विचार कथेच्या अंगाने झाला. त्याला मूल्यांची बाजूही आहे, आणि ती आपल्या वाचकांना विशेष जाणवावी अशी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क वंशाच्या पात्राला जन्मतःच बळात दोन अधिक आणि बुद्धीत दोन उणे मिळत. २०२० मध्ये असे अंक हलवण्याची ऐच्छिक सोय झाली. २०२४ च्या सुधारित आवृत्तीने ‘वंश’ या अर्थाचा शब्द सोडून ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द घेतला, आणि गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली. अमेरिकेतील वंशविषयक जाणिवांचा हा परिणाम होता, आणि त्यावर तेथे वादही झाले.

आता कल्पना करा की, मराठी खेळाडूंनी त्या जुन्या नियमांत आपल्याकडची कथा घातली. राक्षसांच्या जागी आपल्या कथांतील जनसमूह आले, तक्ता तोच राहिला. अमुक कुळात जन्मलेल्याच्या बुद्धीतून दोन वजा! एखाद्या कादंबरीकाराने हे वाक्य निवेदकाच्या तोंडी घातले असते तर आपण त्याला त्याच पानावर जाब विचारला असता. तक्त्यातील अंकाला मात्र निवेदक नसतो. तो निसर्गनियमासारखा निमूटपणे वावरतो आणि प्रत्येक फाशाबरोबर स्वतःला सिद्ध करतो. ज्या समाजात जन्मावरून गुण ठरवण्याच्या विचाराविरुद्ध फुले आणि आंबेडकर यांना आयुष्य वेचावे लागले, तेथे हा तक्ता केवळ खेळाचा तपशील म्हणून दुर्लक्षिता येणार नाही. विचारसरणी प्रतिमांतून आणि कथानकांतून जशी वावरते तशी ती अंकांतूनही वावरते, आणि अंकांत ती अधिक सुरक्षित असते.

६

मग निवड कोणत्या निकषावर करावी? जे आपण आपल्या सद्‌भावाने करणारच आहोत त्यासाठी नियम नको असतात. जे आपल्यातील कोणीही आपखुशीने केले नसते, तरी कथेला हवे असते, ते घडवून आणण्यासाठी नियम असतात. व्हिन्सेंट बेकरचे विवेचनही याच दिशेने जाते. मित्राच्या पात्राला मरू द्यावे, असे कोणत्याही सूत्रधाराला वाटत नाही. आपल्या नायिकेने वही वाचून वेडे व्हावे, असे खेळाडूला वाटत नाही. सौजन्य ही माणसाची थोरवी आहे, कथेची मात्र ती दुबळी बाजू आहे. एकट्या लेखकाला आपल्या लाडक्या पात्राशी कठोर होण्याचे बळ स्वतःतच शोधावे लागते. भूमिकाखेळात हे काम चार जण मिळून एका पुस्तकावर सोपवतात.

म्हणून गटाने पुस्तक उघडण्यापूर्वी स्वतःलाच तीन प्रश्न विचारावेत. आपल्या कथेत नेमके काय अनिश्चित राहिले पाहिजे : बहिणीचे बळ, तिचे मन, की तिने मोजावयाची किंमत? शेवटचा शब्द कोणाचा असावा : सूत्रधाराचा, खेळाडूचा, की फाशाचा? आणि जेथे नियम मूक आहेत तेथे आपल्यापाशी कोणती परंपरा आहे? या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी दिली त्यांनी एक समीक्षात्मक कृती केली, असे म्हटले पाहिजे. फरक एवढाच की, ती त्यांनी कथेच्या अगोदर केली. आपण समीक्षक हे काम कथा संपल्यानंतर करतो आणि आपल्या निर्णयाने कोणाचा जीव जात नाही. त्या टेबलाभोवती बसलेल्यांना मात्र आपण निवडलेल्या काव्यशास्त्राच्या आधीन होऊन एक संध्याकाळ जगावयाची असते.